लांब नाकपुड्यांचा देव

नाताळ जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये एक वाक्य हमखास छापून येतं : जुन्या करारातला देव रागीट आणि सूड घेणारा होता, येशूनं जगाला प्रेमळ देव दाखवला. लिहिणारा बहुधा भला माणूस असतो. सणाच्या निमित्तानं ख्रिस्ती शेजाऱ्यांविषयी चार चांगले शब्द लिहावेत, एवढाच त्याचा हेतू. त्याच्याशी भांडायला मन होत नाही. पण हेच वाक्य मी पुलपिटावरूनही ऐकलं आहे, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं, आणि समोरची मंडळी माना डोलावताना पाहिली आहे. तिथं मात्र भांडलं पाहिजे. पाहुण्यानं घराला नावं ठेवली तर चहा देऊन बोळवण करता येते. घरचाच माणूस पाया उकरायला बसला तर त्याचा हात धरावा लागतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. समोरच्यानं शब्द मोडला तरी आपला शब्द न मोडणारं आणि त्यापायी स्वतःच्या पदरचं मोजणारं प्रेम, हा बायबलमधल्या देवाच्या प्रेमाचा खास अर्थ आहे. तो अर्थ जुन्या करारात घडला. येशूनं तो तिथूनच उचलला, जगून दाखवला आणि त्यातच प्राण दिला. जुना करार बाजूला सारला, तर क्रुसावर उरतो तो एका सज्जन माणसाचा दुर्दैवी अंत. हळहळ वाटावी असा, पण तारण वगैरे काही नाही.

आता हे रागीट-प्रेमळ प्रकरण काही नवं नाही. काळ्या समुद्राच्या काठावरच्या सिनोपी गावचा मार्शियन नावाचा एक धनाढ्य जहाजमालक दुसऱ्या शतकात रोमला आला. तिथल्या मंडळीला त्यानं दोन लाख सेस्टर्स एवढी घसघशीत देणगी दिली आणि मग आपलं मत मांडलं : यहुद्यांचा देव वेगळा, येशूचा बाप वेगळा. पहिला जग निर्माण करणारा, न्यायनिष्ठुर, खालच्या दर्जाचा. दुसरा निव्वळ प्रेमस्वरूप आणि त्यापूर्वी कोणालाच ठाऊक नसलेला. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसेही परत केले. (देणगी परत करणाऱ्या संस्था तेव्हाही दुर्मिळच असाव्यात.) मार्शियननं आपला वेगळा धर्मग्रंथ बांधला. त्यात जुना करार अजिबात नव्हता. फक्त लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं, तीही जुन्या कराराचे संदर्भ खरवडून काढलेली. कार्थेजच्या टर्टुलियननं त्याच्याविरुद्ध पाच खंड लिहिले. म्हणजे ज्या मताला ख्रिस्ती मंडळीनं अठराशे वर्षांपूर्वी पाखंड ठरवलं, तेच आज आपण रविवारी सकाळी नकळत चघळतो.

पण पाखंड ठरलं म्हणून चूक, असं मी म्हणणार नाही. तो आळशी युक्तिवाद झाला. चूक का, ते ग्रंथच उघडून पाहू.

निर्गमच्या पुस्तकाचा ३४वा अध्याय घ्या. प्रसंग काय? मिसरातून सुटून आलेले लोक, करार नुकताच झालेला, आणि मोशे डोंगरावर असताना खाली सोन्याच्या वासरापुढं नाच सुरू. लग्नाच्या मांडवातच बेइमानी. दगडी पाट्या फुटल्या आहेत. देवाचा राग होणार तर इथंच व्हायचा. तो होतोही, लोक मरतातही. पण त्यानंतर त्याच डोंगरावर देव मोशेपुढून जाताना स्वतःचं नाव उच्चारतो, स्वतःची ओळख स्वतःच्या तोंडानं सांगतो. त्या ओळखीत पहिला शब्द येतो मायेचा, मग कृपेचा, आणि मग एक मजेदार हिब्रू शब्दप्रयोग : ‘एरेख अप्पायिम’. भाषांतरात त्याचं ‘मंदक्रोध’ होतं. शब्दशः अर्थ ‘लांब नाकपुड्यांचा’.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडेही राग नाकातच राहतो. ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग, तो चटकन भडकतो. हिब्रूत तर नाक आणि राग यांना एकच शब्द आहे, ‘अफ’. मग नाकपुड्या लांब, म्हणजे आतून निघालेल्या रागाला शेंड्यापर्यंत पोचायला फार वाट चालावी लागते. इस्राएलच्या देवानं स्वतःची ओळख सांगताना निवडलेला शब्द हा आहे. पुढे लगेच ‘हेसेद’ (त्याच्याकडे नंतर येतो) आणि ‘एमेत’, म्हणजे सत्यनिष्ठा, हे दोन शब्द येतात. हेसेद हजारो पिढ्यांना आणि दोषाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, असा हिशेबही तिथंच मांडला आहे. तीन-चार पिढ्या म्हणजे एका वाड्यात एकत्र नांदणारं खटलं. तो जाब आहे, तो मी लपवत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हजार ठेवले आहेत, हेही कुणी लपवू नये.

ही ओळख म्हणजे जुन्या करारातला जणू मूळ श्वास आहे. ती गणनेत येते, योएलात येते, नहेम्यात येते, स्तोत्रांत पुन्हापुन्हा येते. सगळ्यांत गंमत योनाच्या पुस्तकात. तिथं योना हीच वाक्यं देवावर आरोप म्हणून फेकतो. तू असा आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मी पळालो, असा त्याचा त्रागा. निनवे ही अश्शूरची नगरी, त्याच्या लोकांची वैरीण. तिला माफी मिळाली याचा त्याला संताप. म्हणजे जुन्या करारात चिडलेला संदेष्टा आणि माफ करणारा देव असा सामना आहे, आणि पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर. त्या प्रश्नात निनवेतल्या एक लाख वीस हजार माणसांच्या जोडीला गुराढोरांचाही विचार आहे. सूड घेणाऱ्या देवाला गुरांची काळजी कशाला पडेल?

‘हेसेद’ या शब्दापाशी जरा थांबतो, कारण आपल्या भाषांतरांत तो पुष्कळदा ‘दया’ या शब्दाआड हरवला आहे. हिब्रू बायबलात तो सुमारे अडीचशे वेळा येतो. १३६व्या स्तोत्राच्या २६ ओव्यांपैकी प्रत्येकीच्या धृपदात तो आहे. मराठीत दया म्हटलं की वरच्यानं खालच्याला दिलेलं काहीतरी डोळ्यांपुढं येतं : भिकाऱ्यावर दया, मुक्या जनावरावर दया. हेसेद तसं नाही. नात्यात बांधलेल्यानं नात्याला जागणं, हे हेसेद. त्याच्या सगळ्यांत जवळचा मराठी प्रयोग कोणता, असं मला विचाराल तर मी म्हणेन ‘अंतर न देणं’. लग्नात, मैत्रीत, मरणाच्या खाटेशी आपली माणसं म्हणतात ना, मी तुला अंतर देणार नाही. ते हेसेद. रूथ नावाची मवाबी विधवा सासूला, नामीला, अंतर देत नाही. तिच्या त्या वागण्याला ग्रंथात हाच शब्द वापरला आहे. आणि मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असा स्पष्ट नियम अनुवादाच्या पुस्तकात असताना हीच मवाबी बाई दावीद राजाची पणजी होते. ग्रंथ स्वतःच्याच नियमाला प्रेमाच्या जोरावर वाकवतो, आणि ते जुन्या करारातच. नवा करार यायची वाट पाहत नाही.

पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबल मराठीत आणायला बसल्या, त्यामागं हीच तळमळ असावी असं मला वाटतं. संस्कृतात मुरलेल्या बाईला मुळाक्षरापर्यंत गेल्याशिवाय चैन कसं पडणार? त्या १९२२ साली गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मागं, १९२४ साली छापून बाहेर पडलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी याच मुक्तीत त्यांनी जे घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. हेसेदचं भाषांतर कागदावर करणं सोपं नसतं. विटांमध्ये करणं त्याहून अवघड.

दुसरा घोळ ‘करार’ या शब्दानं केला आहे. करार म्हटलं की आपल्याला स्टॅम्पपेपर आठवतो. मग टीकाकार म्हणतो : बघा, तुमच्या देवाचं प्रेमसुद्धा व्यवहार. अटी पाळा, आशीर्वाद घ्या. मोडा, मार खा. अटी आहेत, धमक्याही आहेत, अनुवादाचा २८वा अध्याय वाचून अंगावर काटा येतो, हे कबूल. पण भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३९ काय म्हणतं? एका पक्षानं आपला वाटा पार पाडायला साफ नकार दिला, तर दुसऱ्याला करार संपवायची मुभा आहे. साधा, शहाणा नियम. इस्राएलचा करार या नियमानं चालला असता, तर वासराच्या नाचाच्या दिवशीच फाइल बंद झाली असती.

त्याच्या आधीची, अब्राहामाच्या कराराची गोष्ट आठवा. उत्पत्तीचा १५वा अध्याय. जनावरं कापून अर्ध्या-अर्ध्या धडांच्या समोरासमोर रांगा मांडल्या आहेत. त्या काळी करार करणारे अशा धडांमधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझी गत अशी होवो, हा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात तो उघडच सांगितला आहे. मग रात्र पडते आणि धडांमधून एक धुमसती भट्टी आणि जळती मशाल सरकत जाते. देव जातो. अब्राहाम? तो गाढ झोपला आहे. त्याला चालायला लावलंच नाही. शब्द मोडल्याची शिक्षा भोगायची जबाबदारी एकाच पक्षानं अंगावर घेतली. ज्या ख्रिस्ती वाचकाला क्रूस समजून घ्यायचा आहे त्यानं या रात्रीपासून सुरुवात करावी. गुलगुथ्याला जे घडलं त्याची सही इथं झाली होती.

आता होशेयाकडे येतो, कारण या वादातला माझा मुख्य साक्षीदार तोच.

इ. स. पूर्व आठवं शतक. उत्तरेच्या इस्राएल राज्यात दुसऱ्या यराबामाची भरभराटीची कारकीर्द, हातात पैसा, देवळांत बआल या परक्या दैवताची मौज, आणि क्षितिजावर अश्शूर. या संदेष्ट्याला सांगितलं जातं की बेइमान ठरणाऱ्या बाईशी लग्न कर. तो दिब्लाइमाची मुलगी गोमर हिच्याशी लग्न करतो. मुलं होतात, त्यांची नावं म्हणजे भर चौकात लावलेल्या पाट्याच. एका मुलीचं नाव लो-रुहामा, ‘जिच्यावर माया नाही ती’. धाकट्याचं लो-अम्मी, ‘माझे लोक नव्हेत’. हे नाव कुणी लेकराला ठेवतं का, असं पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल. सातारा जिल्ह्यातला म्हणणार नाही. २०११ साली त्या जिल्ह्यात ‘नकुशा’, ‘नकोशी’ अशी नावं घेऊन वाढलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. होशेयाच्या पुस्तकातही हेच होतं. ‘लो’ म्हणजे ‘नाही’. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो ‘लो’ गळून पडतो. नकोशीची हवीशी होते, परक्यांचे आपले होतात. आणि ‘रुहामा’ या शब्दाच्या पोटात ‘रेहेम’ आहे, म्हणजे गर्भाशय. हिब्रूत माया कुशीतून निघते. विठोबाला माउली म्हणणाऱ्या मुलखात हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या अध्यायात होशेय एका बाईला विकत घेतो. तिचं नाव तिथं दिलेलं नाही, पण बहुतेक वाचकांनी ती गोमरच मानली आहे, मीही मानतो. किंमत : १५ शेकेल रुपं आणि वर दीड होमर जव. निर्गमात गुलामाची भरपाई ३० शेकेल ठरवली आहे. अर्धी रोख, अर्ध्याचं धान्य, असा हिशेब अनेक भाष्यकार लावतात. माझ्या नजरेपुढं येतो तो पैसे कमी पडले म्हणून घरातल्या कणगीत हात घालणारा नवरा. जी कायद्यानं आपलीच आहे तिला बाजारभावानं सोडवून आणायचं. आपल्याकडे ‘तारण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सोनं तारण ठेवून बँकेतून कर्ज काढतात ते एक, आणि चर्चमध्ये गातात ते दुसरं. लहानपणी मला या दोहोंचा संबंध कळत नसे. होशेय वाचल्यावर कळला. वस्तू आपलीच, पण दुसऱ्याच्या तिजोरीत अडकलेली. ती सोडवायची तर मोजावं लागतं, आणि मोजणारा तोच, ज्याचं तिच्यावाचून घर रिकामं आहे.

इथं एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढं जाणं भ्याडपणाचं ठरेल. दुसऱ्या अध्यायात हाच नवरा बायकोला उघडी-नागडी करीन, कोंडून ठेवीन अशा धमक्या देतो. अमेरिकन अभ्यासक रेनिटा वीम्स यांनी १९९५ साली संदेष्ट्यांच्या या रूपकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. मार खाणाऱ्या बाईच्या कानांना हे रूपक कसं ऐकू येतं, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे तर त्याचा उलटा उपयोग होतो. नवऱ्याचा मार खाऊन पाळकाकडे आलेल्या बाईला सांगितलं जातं, होशेयासारखी क्षमा कर, आणि घरी परत जा. अरे, होशेय या गोष्टीत कोण आहे? ज्याच्या हाती सत्ता होती, कायदा ज्याच्या बाजूचा होता, आणि तरी ज्यानं तोटा स्वतःच्या खाती टाकला, तो. दुबळ्याला गप्प बसवायला ही गोष्ट वापरणं म्हणजे खिशातून मोजणाऱ्याची गोष्ट सांगून समोरच्याचा खिसा कापणं.

शिवाय हे रूपक ग्रंथात तसंच सोडलेलं नाही. ११व्या अध्यायात नवरा-बायको बाजूला पडतात आणि तान्ह्या मुलाला बोट धरून चालायला शिकवणारं, उचलून घेणारं, वाकून भरवणारं आईबाप येतं. मुलगा मोठा होऊन तोंड फिरवतो. मग देव जे बोलतो ते सगळ्या जुन्या करारातलं सर्वांत कासावीस बोलणं असावं. तुला कसं टाकून देऊ, अदमा आणि सबोइम यांच्यासारखं तुझं कसं करू, असा तो स्वतःशीच झगडतो. अदमा आणि सबोइम ही सदोम-गमोराबरोबर नष्ट झालेली गावं. त्या गावांना देवानं ‘उलथून टाकलं’ असं ग्रंथ म्हणतो, आणि त्यासाठी जे हिब्रू क्रियापद वापरतो तेच इथं पुन्हा येतं. पण या वेळी उलथतं ते देवाचं काळीज. शहरावर पडायचा घाव पाडणाऱ्याच्याच उरात फिरला. आणि कारण? मी देव आहे, ‘ईश’ नव्हे. ‘ईश’ म्हणजे पुरुष, नवराही. दुसऱ्या अध्यायात लोक त्याला ‘ईशी’, माझा नवरा, म्हणतील असं सांगणारा हाच देव इथं म्हणतो की मी पुरुषासारखा वागणार नाही. धमक्या देणाऱ्या नवऱ्याचं चित्र देवानं स्वतःच्या हातानं पुसलं. मार्शियननं हा अध्याय नीट वाचला असता तर कदाचित पाच खंडांची शाई वाचली असती.

पुढं काय झालं? इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन पडली, माणसं देशोधडीला लागली. मग निष्ठा कुठं गेली? मला याचं गुळगुळीत उत्तर देता येत नाही, देणाऱ्यांचा संशय येतो. एवढं दिसतं की होशेयाचं बोलणं दक्षिणेत यहूदात पोचलं, जपलं गेलं, पुन्हापुन्हा लिहून काढलं गेलं. हरलेल्या लोकांनी स्वतःलाच दोष देणारं पुस्तक जपून ठेवलं, कारण त्याच्या शेवटच्या अध्यायात परत घेण्याचं वचन होतं. ज्याचा शब्द फुकाचा ठरला असं वाटतं त्याचे कागद कुणी एवढे सांभाळत नाही.

आणि आता नव्या करारवाल्यांना माझा प्रतिप्रश्न. ‘नवा करार’ हे नाव तुम्ही कुठून आणलंत? यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातून. शेवटच्या भोजनात प्याला उचलून येशू हेच शब्द बोलतो, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात यिर्मयाचा तो उतारा असा सबंध उतरवून घेतला आहे की नव्या करारात जुन्याचं एवढं लांब उद्धरण दुसरं नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा लेवीयची. देवावर सर्व जिवानं प्रीती करण्याची अनुवादाची. यज्ञापेक्षा हेसेद बरं, हे होशेयाचं वचन मत्तयात येशू दोनदा ऐकवतो, तेही धर्ममार्तंडांना. ‘येशू’ आणि ‘होशेय’ ही नावंसुद्धा एकाच धातूची, ‘तारणं’ या अर्थाची. उधळ्या मुलाचा बाप लांबून पोराला पाहतो तेव्हा लूकनं जे ग्रीक क्रियापद वापरलं त्याचा उगम आतड्यांत आहे. बापाचं आतडं तुटलं. होशेयाची कूस आणि लूकचं आतडं यांच्यामध्ये मला तरी नव्या देवाला शिरायला फट सापडत नाही.

उलट बाजूनंही पाहा. नरकाच्या आगीबद्दल बायबलमध्ये सगळ्यांत जास्त कोण बोलतं? प्रेमळ येशूच. हनन्या आणि सप्पीरा पैशाबाबत खोटं बोलून जागच्या जागी मरून पडतात ते प्रेषितांच्या कृत्यांत, लेवीयमध्ये नव्हे. प्रकटीकरणाचं तर नावच काढायला नको. राग मोजायचा असेल तर दोन्ही करारांत मोजा.

यरीहोचं काय, असं विचाराल. शहरातली माणसं, बायका, पोरं तलवारीला देण्याचं यहोशवाच्या पुस्तकातलं वर्णन मी समर्थनीय मानत नाही. ते तसं घडलंच होतं का, यावर पुरातत्त्वज्ञांचे वाद आहेत. पण न घडलेल्या कत्तलीचाही अभिमानानं उल्लेख व्हावा हे मला सलतंच. मी एवढंच म्हणतो की या ग्रंथावरची सगळ्यांत धारदार टीका ग्रंथातच आहे. सदोमासाठी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, पन्नासावरून दहावर आणतो. ईयोब देवाला कोर्टात खेचायला निघतो. बापाच्या पापासाठी मुलगा मरणार नाही, असं यहेज्केल ठासून सांगतो आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीचा तो जाब फिरवतो. हे वाद कुणी खोडून टाकले नाहीत. ते तसेच ठेवून लोकांनी त्यांना पवित्र म्हटलं. मार्शियनचा ग्रंथ मात्र स्वच्छ होता, खाडाखोड करून स्वच्छ केलेला.

याच दोन देवांच्या कल्पनेचं एक घरगुती रूप आपल्या सुवार्तासभांमध्ये रुजलं आहे, आणि मला ते जास्त घातक वाटतं : वर रागानं लाल झालेला बाप, मध्ये रक्तबंबाळ मुलगा, आणि मुलाचं रक्त पाहून शांत झालेला बाप. पौलाची भाषा तपासा. समेट घडवणं हे क्रियापद तो वापरतो तिथं समेट घडवणारा देव असतो, आणि ज्यांना परत जोडून घेतलं जातं ती माणसं. देवाची समजूत काढली गेली, असं तो कुठंही लिहीत नाही. प्रेम आधी, क्रूस नंतर. आम्ही पापी असतानाच, असं तो रोमकरांना बजावतो. म्हणजे कणगीत हात घालणारा तो नवराच पुन्हा, किंमत तेवढी या वेळी जवाची नव्हती.

कुणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं, पुरवणीतलं एक वाक्य तर आहे. ते वाक्य जर्मनीत कुठवर गेलं ते पाहा. बर्लिनचे थोर विद्वान अडॉल्फ फॉन हारनाक यांनी १९२१ साली मार्शियनवर ग्रंथ लिहिला आणि त्यात सुचवलं की जुना करार धर्मशास्त्र म्हणून अजूनही धरून ठेवणं हे प्रोटेस्टंट मंडळीच्या लुळेपणाचं लक्षण आहे. हारनाक नाझी नव्हते. १९३० साली ते वारले. पण १९३३ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये हजारोंच्या सभेत राइनहोल्ड क्राउझे यानं जुन्या करारापासून सुटका करा अशी मागणी केली. १९३९ साली आयझेनाखमध्ये चर्चजीवनातून यहुदी प्रभाव नाहीसा करण्यासाठी एक संस्थाच निघाली आणि पुढच्या वर्षी तिनं यहुदीपणा खरवडलेला नवा करार छापला. मार्शियनची खाडाखोड, नव्या शाईत. त्याच वर्षांमध्ये होशेयाच्या लेकरांचं काय होत होतं ते साऱ्या जगाला माहीत आहे.

आपल्याला तर एवढं लांब जायचीही गरज नाही. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, ठाणे इथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अब्राहामाच्या आणि योसेफाच्या चरित्रावर मराठीत कीर्तनं रचली, टाळ-मृदंगावर गायली. आपण ज्याला जुना म्हणून निवृत्त करतो, तो करार त्यांच्या घरी आजही चालू आहे. त्यांच्या देवाला रागीट म्हणून आपल्या देवाला प्रेमळ ठरवणं ही शेजारधर्माची कुठली रीत?

म्हणून पाळकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. येत्या उत्तम शुक्रवारी दुपारच्या उपासनेत तुम्ही क्रुसावरच्या सात उद्गारांवर बोलाल. त्यातला चौथा, आपल्याला का टाकलं म्हणून देवाला विचारणारा, २२व्या स्तोत्रातला आहे. सातवा, आत्मा बापाच्या हाती सोपवणारा, ३१व्या स्तोत्रातला. उद्गार सांगण्याआधी ती दोन्ही स्तोत्रं मंडळीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा.